नाशिकच्या थंडीत तीन-चार मांजरं : पहिल्या हिवाळ्याची तयारी

ज्यांच्या घरी तीन-चार मांजरं आहेत आणि ज्यांना त्यांच्यासह नाशिकचा हिवाळा पहिल्यांदाच काढायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुंबई-ठाण्याकडून आलेल्या लोकांना इथली थंडी फसवते, कारण दिवसा ती दिसत नाही. दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे पारा दहाच्या आसपास उतरलेला असतो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तो पाचच्याही खाली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्या रात्री द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात.

मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असतं. अंग गरम ठेवायला वेगळे कष्ट पडू नयेत असं त्याला मानवणारं हवामान तीस अंशांच्या पुढचं. म्हणजे खोलीत पंधरा-सोळा अंश असताना ते सारखं ऊब शोधत असतं. एकटं मांजर एखादी जागा शोधून निवांत झोपतं. चार मांजरांच्या घरात मात्र उबदार जागा दोन आणि दावेदार चार. हिवाळ्यातली भांडणं, ट्रेच्या बाहेर केलेली शू, एखाद्याचं दिवसभर कपाटाखाली बसून राहणं, यांतलं बरंचसं इथून सुरू होतं. म्हणून ऊब सगळ्यांना पुरेल अशी वाटून द्यायची आणि पाण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. या दोन गोष्टी जमल्या की हिवाळा बराचसा सोपा होतो.

आधी झोपायच्या जागा

दिवाळी आटोपली की काही दिवस रात्री झोपताना आणि पहाटे उठल्यावर कोण कुठे झोपलंय ते बघून ठेवा. कुणी फ्रिजवर, कुणी इन्व्हर्टरजवळ, कुणी सेट-टॉप बॉक्सवर, कुणी तुमच्या पांघरुणात. लवकरच लक्षात येतं की चांगल्या जागा ठरावीक मांजरांनी धरल्यात आणि एखादं बिचारं गार फरशीवर अंग चोरून बसतंय. ते बहुधा घरातलं सगळ्यांत भित्रं असतं, नाहीतर सगळ्यांत म्हातारं. तयारी त्याच्यापासून सुरू करा.

जितकी मांजरं, त्याहून एक तरी जागा जास्त हवी. या जागा एकमेकींपासून लांब आणि वेगवेगळ्या उंचीवर हव्यात. एकाच खोलीत ओळीने मांडलेले चार बिछाने असले तरी दांडगा बोका दारात बसला की चारही त्याचेच होतात. किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे खोके मागून आणा, आडवे ठेवा आणि तोंड अशा बाजूला करा की दाराकडून येणारा वारा आत शिरणार नाही. भित्र्या मांजराच्या खोक्याला मागूनही एक भोक कापा, म्हणजे दुसरं मांजर समोर येऊन बसलं तरी ते आत कोंडलं जात नाही. आत जुन्या साड्यांची गोधडी घडी करून घाला. बाजारातल्या महागड्या गुबगुबीत बिछान्यांपेक्षा मला गोधडीच पसंत आहे. धुता येते, लवकर वाळते, आणि एकदा मांजराचा वास लागला की ते ती सोडत नाही. विणलेला जुना स्वेटर मात्र टाळा. नखांनी धागे निघतात, आणि मांजराने धागा गिळला तर काय होतं ते पुढे सांगणारच आहे.

खोकी थेट फरशीवर ठेवू नका. सिडको किंवा इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये जी गुळगुळीत टाइल्सची फरशी असते, ती रात्री बर्फासारखी गार पडते. खाली पाट, स्टूल, काहीच नसेल तर वर्तमानपत्रांचा जाड थर. पंचवटीकडच्या जुन्या वाड्यात माडीला लाकडी तक्तपोशी असेल तर हा त्रास बराच कमी.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन सकाळपासून दुपार उलटेपर्यंत मिळतं. तिथे एक रुंद फळी ठोका. ती सगळ्यांची आवडती जागा होते आणि भांडणाचीही, म्हणून शक्य असेल तर दोन ठोका, एक वर आणि एक खाली. ऊन मिळावं म्हणून खिडकी उघडी ठेवणार असाल तर आधी जाळी. पारव्यांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी एकट्या मांजराला थोपवते, पण दोघं झटापट करत तिच्यावर आदळली तर भरवसा नाही. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर तारेचीच घ्या.

हीटर, शेगडी आणि बादलीतला रॉड

लालबुंद कांड्यांचा हीटर मांजरांच्या घरात नकोच. दाट केसांमुळे मांजराला चटका उशिरा जाणवतो. ते हीटरला खेटून बसतं, केस करपल्याचा वास आधी आपल्याला येतो आणि तोवर खालची कातडी भाजलेली असते. खोली गरम करायचीच असेल तर तेलाचा बंद हीटर बरा, तोही भिंतीजवळ पक्का बसवून आणि घरात कुणी जागं असेपर्यंतच. बंद खोलीत कोळशाची शेगडी लावून झोपणं माणसांसाठीही जीवघेणं आहे. मांजराचा जीव केवढासा, कार्बन मोनॉक्साइड त्याला आधी गाठतो.

बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला की बाथरूमचं दार बंद करा, कडी लावूनच. मांजरं वाफेच्या ओढीने बादलीच्या काठावर चढतात.

सगळ्यांत सोपी आणि सुरक्षित ऊब म्हणजे रबरी गरम पाण्याची पिशवी. हाताला सहन होईल इतकंच गरम पाणी भरा, वर जाड टॉवेल गुंडाळा आणि खोक्याच्या अर्ध्या भागातच ठेवा. उरलेला अर्धा भाग गार राहिला पाहिजे, म्हणजे मांजराला नको असेल तेव्हा सरकता येतं. म्हाताऱ्या मांजराचे सांधे थंडीत आखडतात. उडी मारायला ते घुटमळत असेल, जिना चढताना थांबत असेल, तर त्याची जागा खालीच करा आणि ही पिशवी त्याला आधी द्या.

पाणी

या लेखातला हा भाग दोनदा वाचा. थंडीत मांजर गोठून गेल्याचं मी आमच्या शहरात ऐकलेलं नाही. बोक्याची शू तुंबून तो दगावल्याचं मात्र दर हिवाळ्यात कानावर येतं.

मांजर मुळात पाणी कमी पितं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातून मिळणारं धरून. वेट फूडमध्ये तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं, ड्राय फूडमध्ये जेमतेम दहा टक्के. ड्राय फूडवर असलेलं मांजर गारठ्यात गार पाण्याला तोंड लावत नाही, त्याची शू घट्ट होते, तिच्यात खडे आणि चिकट खळ तयार होते. भाटीची मूत्रनलिका रुंद असते, बोक्याची निमुळती. म्हणून तुंबतं ते बहुतेक वेळा बोक्याचं, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बोक्याचंही. थंडीत हालचाल कमी, वजन जास्त आणि घरात जागेवरून ताण, हे सगळं त्यात भर घालतं.

काय करायचं? पाण्याची भांडी वाढवा आणि घरभर पसरवा. खाण्याच्या ताटलीला चिकटून आणि ट्रेच्या शेजारी पाणी ठेवलं तर बऱ्याच मांजरांना ते आवडत नाही. भांडं रुंद तोंडाचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. सकाळ-संध्याकाळ पाणी बदला आणि थंडीत कोमट द्या. ड्राय फूडवर दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून पाच मिनिटांनी वाढा. सुरुवातीला नाक मुरडतील, म्हणून एक चमच्यापासून सुरू करा. चिकन उकडलेलं पाणी द्यायला हरकत नाही, पण त्यात मीठ, कांदा, लसूण, मसाला काहीही नको.

आणि रोज ट्रे साफ करताना ओल्या लिटरचे, म्हणजे ट्रेमध्ये पसरलेल्या भुग्याचे, गोळे किती आणि केवढे आहेत ते बघा. चार मांजरांच्या घरात कुणाचा कोणता हे सांगता येत नाही, पण एकूण गोळे कमी झाले किंवा लिंबाएवढे होते ते बोराएवढे झाले तर शोध घ्यायला लागा.

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, शेपटीखाली सारखा चाटतोय आणि थेंबभरच येतंय किंवा तेही नाही, असं दिसलं की सकाळची वाट पाहू नका. अनेकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, आणि ते दूध किंवा एरंडेल पाजत बसतात. पूर्ण तुंबलं असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच रात्री डॉक्टर गाठायचे. म्हणून आपल्या भागातले कोणते प्राण्यांचे डॉक्टर रात्री फोन उचलतात, दवाखान्यात कॅथेटर, म्हणजे तुंबलेली शू मोकळी करायची बारीक नळी, घालायची सोय आहे का, हे नोव्हेंबरातच विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

ट्रे

आपल्याकडे ट्रे बहुधा गॅलरीत किंवा ड्राय बाल्कनीत असतो. थंडी वाढली की रात्री गॅलरीचं दार लागतं, किंवा उघडं असलं तरी मांजर त्या गारठ्यात जायला नाखूष असतं. मग सोफ्याचा कोपरा, पायपुसणं, गादी. त्याला रागावू नका, ट्रे आत आणा.

ट्रेसुद्धा मांजरांपेक्षा एक जास्त. तीन मांजरांना चार ट्रे म्हटल्यावर नवे लोक दचकतात. जागेची अडचण मला कळते. निदान दोन वेगवेगळ्या खोल्यांत तरी ठेवा. शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच, कारण वाट अडवणारं मांजर तिन्हींची वाट एकदमच अडवतं. म्हाताऱ्यासाठी एका ट्रेची कड कापून बुटकी करा.

खिडक्या बंद असल्याने वास कोंडतो, तेव्हा दोन वेळा साफ करायचंच. दुपारी बारा ते तीनमध्ये सगळी खिडक्या-दारं उघडून घर हवेशीर करा.

खाणं, आणि आपल्या जिल्ह्याची दोन पिकं

थंडीत भूक वाढते, मांजरं सारखी मागे मागे फिरतात. पण घरातच राहणाऱ्या मांजराची हालचालही घटलेली असते, त्यामुळे लाडाने वाढत गेलात तर संक्रांतीपर्यंत पोटं लोंबायला लागतात. रोजचं माप मोजून घ्या आणि ते तीन-चार वेळांत विभागा. ताटल्या वेगळ्या, अंतरावर. शेवटचं खाणं रात्री झोपण्याआधी, आणि त्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेलं पीस किंवा कागदाचा बोळा घेऊन खेळवा. दमलेलं, जेवलेलं मांजर पहाटे चारला तुमच्या छातीवर येऊन बसत नाही.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. मांजराला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि नंतर आपलं वजन वजा करायचं. अनेक मांजरांच्या घरात एखादं खातच नाहीये हे ताटल्या बघून कळत नाही, दुसरं चाटूनपुसून फस्त करतं.

आता कांदा. लासलगावच्या जिल्ह्यात स्वयंपाकघर कांद्याशिवाय चालत नाही, आणि मांजरासाठी तो विष आहे. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, पावडर, सगळ्या रूपांत. लसूण त्याहून तीव्र. याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि लक्षणं दिसायला काही दिवस लागू शकतात : हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, मांजर मलूल. म्हणून मिसळीचा रस्सा, मटणाचा रस्सा, सूप, कांद्यातलं अंडं, यांतलं बोटभरही नको. भाताला रस्सा लावून घालायची आपल्याकडची जुनी सवय मोडायला आजी-आजोबांशी बोलावं लागेल. प्रेमाने बोला, पण बोला.

जानेवारीपासून घरोघर द्राक्षांच्या पेट्या येतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहेत हे पक्कं माहीत आहे. मांजरांनाही देऊ नका आणि जमिनीवर घरंगळलेले मणी उचलून टाका.

सर्दी-पडसं

मांजरांना होणारी सर्दी बहुतेक त्यांच्याच विषाणूंची असते, हर्पिस आणि कॅलिसी ही दोन मुख्य. आपलं पडसं त्यांना सहसा लागत नाही. हर्पिस एकदा झाला की अंगात दडून राहतो आणि ताण आला की डोकं वर काढतो. नवीन मांजर आणणं, घर बदलणं हा तो ताण. म्हणून ऐन डिसेंबरात नवं मांजर घरात आणू नये असं माझं ठाम मत आहे. आणावंच लागलं तर पंधरा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळा ट्रे, वेगळी भांडी. लसी थंडीच्या आधी पूर्ण करा. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिला डोस आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुढचे. रेबीजची लस वेगळी, साधारण तीन महिन्यांनंतर.

शिंकणारं मांजर बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास आला नाही की मांजर खात नाही. कोमट ओल्या कापसाने नाक-डोळे पुसा, खाणं थोडं गरम करा म्हणजे वास सुटतो, आणि आंघोळीनंतर वाफ भरलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं सोबत बसा. गरम पाण्याची बादली मात्र तिथे नको. दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर चरबी साठायला लागते, जाड मांजराच्या बाबतीत तर नक्कीच लवकर. एक दिवस उपाशी गेला की डॉक्टरांना फोन करा.

घरातली औषधं त्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरेशी आहे. लहान मुलांचं तापाचं सिरपही त्यात आलं. निलगिरीचं तेल, छातीला चोळायचा बाम, कापूर, हेही मांजराच्या अंगाला लावायचं नाही. आपण लावलं असेल तर त्याला चाटू द्यायचं नाही.

ट्रंकेतून गरम कपडे काढताना डांबरगोळ्या मोजून उचला. त्या विषारी असतात आणि फरशीवर घरंगळणारी पांढरी गोळी मांजराला खेळणंच वाटते. त्या वासाची रजई दोन दिवस उन्हात टाकल्याशिवाय मांजरांना तिच्यात शिरू देऊ नका.

दाराबाहेरची मांजरं

घरात मांजरं असली की बाहेरचीही दारात यायला लागतात. त्यांच्यासाठी थर्माकोलचा झाकणाचा खोका घ्या, वीतभर रुंदीचं भोक पाडा, दोन विटांवर ठेवा आणि आत भाताचा पेंढा भरा. कापड नको, ते दव धरून ओलं राहतं. इगतपुरी-त्र्यंबककडे भातशेती आहे, तिकडून पेंढा सहज मिळतो. खोका लहानच असू द्या, मोठा खोका मांजराच्या अंगाच्या उबेने तापत नाही.

ही मांजरं रात्री नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीच्या इंजिनात शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि क्षणभर थांबा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशी पाटी लावून घ्या.

कुठे गारठलेलं पिल्लू सापडलं तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, ते छातीत जाऊ शकतं. त्याला आपल्या अंगाशी धरा, टॉवेलमधली कोमट पिशवी द्या, अंग गरम झालं की मगच पाजा. गाईचं-म्हशीचं दूध नको, जुलाब होतात. मांजरांच्या पिल्लांची दुधाची पावडर प्राण्यांच्या दुकानात मिळते. पिल्लाला पालथंच धरून पाजा, उताणं कधीच नाही.

संक्रांत

येवल्यात पतंगांचा मोठा उत्सव असतो आणि नाशिकच्या गच्च्याही त्या दिवसांत भरलेल्या असतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो तारांवर, झाडांवर, गॅलरीच्या गजांना अडकलेला सापडतोच. मांजराला हलणारा दोरा म्हणजे शिकार. ते तो चघळतं, आणि जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्यामुळे एकदा तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, आतच सरकत जातो. आतड्यात ताणला गेला की आतडं चुण्या पडून कापलं जातं. संक्रांतीच्या आधी आणि नंतर आठवडाभर रोज सकाळी गॅलरी, गच्ची, खिडक्यांचे गज तपासा आणि सापडलेला मांजा बारीक तुकडे करून बंद डब्यात टाका. स्वेटरची लोकर, शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा यांनाही हेच लागू.

तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कापायचाही नाही. मांजराला पिशवीत किंवा कॅरियरमध्ये ठेवून थेट डॉक्टरांकडे.

थंडी ओसरताना

दिवस मोठा व्हायला लागला की मांजरं माजावर येतात. दिवाळीत जन्मलेली पिल्लं होळीच्या सुमाराला वयात येतात, आणि गर्भ जेमतेम दोन महिन्यांचा. ज्यांची ऑपरेशनं राहिली आहेत त्यांची तारीख जानेवारीतच घ्या, फेब्रुवारीअखेर डॉक्टरांकडे गर्दी होते. ऑपरेशन सकाळच्या वेळेत करून घ्या, कारण भुलीतून बाहेर येताना मांजराचं अंग गार पडतं. घरी आणल्यावर त्या रात्री त्याला वेगळ्या खोलीत, उबदार आणि जमिनीलगतच्या जागी ठेवा. दवाखान्याच्या वासामुळे बाकीची मांजरं त्याच्यावर फिस्कारतील. सगळ्यांच्या अंगावरून एकाच जुन्या पंचाने हात फिरवा आणि दुसऱ्या दिवशी दार थोडं किलकिलं करून ओळख पुन्हा होऊ द्या.